जपानचे युद्धानंतरचे पंतप्रधान पाठ नका करू, असे वाचा

अभ्यासिकेतले पोट्टे-पोट्टी जपान आला की योशिदा, किशी, इकेदा, सातो, तानाका अशी साखळी घोकत बसतात अन् पेपरात "धोरणांचे मूल्यमापन करा" आलं की दोन ओळीत पेन थांबते. आमच्या गावातल्या मुलांकडून मी जसं करून घेतो तसंच इथं सांगतो, याला क्लास लागत नाही, एक दोनशे पानी वही पुरे.

एका नेत्याला एक पान द्या अन् त्यावर चार प्रश्न लिहा. हातात काय आलं, कायदा किंवा करार कोणता केला, त्याचा भुर्दंड कोणी सोसला, आज काय उरलं. तिसरा प्रश्न सगळेच सोडतात, अन् मार्क तिथंच आहेत.

सुरुवात जमिनीपासून करा, कास्तकाराच्या घरचे असाल तं लवकर डोक्यात बसते. ऑगस्ट 1945 मध्ये जपान हरला, अमेरिकेच्या जनरल मॅकआर्थरचं सैन्य आलं, तेव्हा देशातली जवळपास 46 टक्के शेतजमीन कुळं कसत होती. डिसेंबर 1945 चा पहिला कायदा लेचापेचा निघाला, मॅकआर्थरच्या कचेरीनं दबाव आणला, मग योशिदांच्या काळात ऑक्टोबर 1946 मध्ये कडक कायदा आला, म्हणून सगळं श्रेय एकट्या योशिदांच्या नावावर लिहू नका. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची कुळाकडची सगळी जमीन सरकारनं घेतली, गावात राहणाऱ्याला खंडानं द्यायला साधारण 1 हेक्टर ठेवता आली, उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर 4, अन् बाकीची सरकारनं विकत घेऊन कुळालाच हप्त्यानं विकली. अन् हे तं मोठ्या अक्षरात लिहा, प्रत्येक गावात निवडून आलेली 10 जणांची समिती होती, 5 कुळं, 3 मालक, 2 स्वतःचं वावर कसणारे. कोणतं वावर कोणाचं हे जिथं ठरत होतं तिथं अर्धी मतं कुळांची होती, माझ्या मते सुधारणा कागदावर राहिली नाही ती याच्यामुळं. किंमत जुन्या दरानं बांधलेली अन् महागाई भडकलेली, त्यामुळं मालकाच्या हाती आलेला पैसा जवळपास मातीमोल झाला, हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. 1950 पर्यंत कुळांकडची जमीन 10 टक्क्यांच्या आसपास आली.

बाजूला समासात आपलं लिहा, नागपूर-भंडारा-चांद्याकडची मालगुजारी (गावचा सारा मालगुजार गोळा करायचा) 1950 च्या कायद्यानं गेली, वऱ्हाडात आधीपासूनच रयतवारी (कास्तकार सारा थेट सरकारला भरायचा) होती. घरी आजोबा असतील तं मालगुजाराचं वावर कोणाला भेटलं ते विचारा, तुलना आपोआप लिहिता येते.

आता "आज काय उरलं". वावरं छोटी राहिली, कास्तकार 1955 मध्ये बनलेल्या एलडीपीचा (लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा) भरवशाचा मतदार झाला, भाताचा भाव सरकार सांभाळत राहिलं अन् भात इतका झाला की 1970 पासून पेरा कमी करायला लावलं, ते 2018 पर्यंत चाललं. 1970 मध्ये पंतप्रधान सातो होते, म्हणून योशिदांच्या पानावरून सातोंच्या पानावर इथं बाण काढा, असे बाण म्हणजेच वारसा.

योशिदांचं दुसरं काम सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार, 8 सप्टेंबर 1951, अन् त्याच दिवशी अमेरिकेसोबत सुरक्षा करार. लष्करावर खर्च कमी, लक्ष धंद्यावर. भारत त्या परिषदेला गेला नाही, जून 1952 मध्ये वेगळा करार केला. भुर्दंड दक्षिणेकडच्या ओकिनावा बेटानं भरला, तो 1972 पर्यंत अमेरिकेकडंच राहिला. किशींचं पान लहान चालते, 1960 चा सुरक्षा करार, रस्त्यावर प्रचंड आंदोलन, राजीनामा.

इकेदांचं पान असं दिसलं पाहिजे. हातात आलं: पेटलेला देश. धोरण: 10 वर्षांत उत्पन्न दुप्पट, ते मुदतीआधीच झालं, ऑक्टोबर 1964 मध्ये शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) अन् टोकियो ऑलिंपिक. भुर्दंड: मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव, कारखान्याचा पारा समुद्रात, तिथले मासे खाऊन माणसं लुळी पडली, रोग 1956 मध्ये समोर आला पण सरकारनं कारण मान्य केलं 1968 मध्ये. हे इकेदांच्या आधीपासून चालू होतं, तसं स्पष्ट लिहा. उरलं: 1970 च्या संसद अधिवेशनातले प्रदूषणाचे 14 कायदे. घुग्घुस-चंद्रपूरकडच्या मुलांना हे पान समजवून सांगावं लागत नाही.

तानाकांच्या पानाला मधून रेघ मारा. एका बाजूला सप्टेंबर 1972 मध्ये चीनशी संबंध, त्यांच्या स्वतःच्या निगातासारख्या बर्फाच्या मागास भागाला रस्ते, बोगदे, रेल्वे. दुसऱ्या बाजूला लॉकहीड या अमेरिकन विमान कंपनीचं लाच प्रकरण, 1976 मध्ये अटक, 1983 मध्ये शिक्षा. तरी निगाताचे लोक त्यांना निवडून देतच राहिले, अन् काहून देत राहिले याच्यावर चार ओळी स्वतःच्या मनानं लिहा, कोणाच्या नोट्स पाहू नका.

रात्री दोघं बसून एकानं पान तोंडी सांगायचं, दुसऱ्यानं प्रत्येक धोरणावर "भुर्दंड कोणी सोसला?" एवढंच विचारायचं. नाकासोनेंना 1987 च्या रेल्वे खाजगीकरणापासून घ्या, अन् कोइझुमींचं पान पोस्टाच्या खाजगीकरणावर लढलेल्या 2005 च्या निवडणुकीपासून तुम्हीच भरा.