शिफ्ट बदलते ती पंधरा मिनिटं

मी ३१ वर्षं एसटीच्या तासगाव आगारात मेकॅनिक होतो. गाडीखाली झोपून काम केलेल्या माणसाला एक खोड लागते. गाडी धुऊन-पुसून कशी चकाकतेय याचं त्याला काही नसतं. फिल्टर कधी बदलला आणि वहीत सही कुणाची आहे, हे तो आधी बघतो. गेली सात वर्षं मी आठवड्यातून तीनदा सांगलीला डायलिसिसला जातो, चार-चार तास बेडवर असतो, पण खोड काही सुटलेली नाही. नवीन पेशंटची माणसं बाहेरच्या बाकावर विचारतात, "काका, सेंटर चांगलं आहे हे ओळखायचं कसं?" त्यांना सांगतो तेच इथे लिहितोय. मी डॉक्टर नाही, गोळ्या-औषधांचं मला विचारू नका.

सेंटर बघायला जायचं तर पहिली शिफ्ट उतरते आणि दुसरी चढते त्या वेळी जा आणि दाराशी उभे राहा. एसी, टीव्ही, नवी कोरी मशीनं हल्ली सगळीकडे असतात. खरी परीक्षा त्या पंधरा-वीस मिनिटांत होते. एकाचं रक्त परत द्यायचं, सुया काढायच्या, दाबून धरायचं, वजन घ्यायचं, दुसऱ्याला आत घ्यायचं, ट्यूबिंग चढवायचं, आणि बाहेर चार माणसं घड्याळ बघत बसलेली. या घाईत जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात, ते बहुतेक वेळा हातांवरून.

तेव्हा काय बघायचं? पहिला पेशंट उठून गेल्याशिवाय पुसापुशी सुरू होता कामा नये, आणि तोवर दुसऱ्याचं सामानही त्या बेडजवळ यायला नको. चादर बदलली का? मशीनचा पुढचा भाग, म्हणजे स्क्रीन, बटणं, ब्लड पंपाचं झाकण, जंतुनाशकाने पुसला का? आणि तेच फडकं पुढच्या मशीनवरही फिरलं का? बीपीचा पट्टा पुसतात का हे मी मुद्दाम बघतो, कारण तोच हमखास राहतो. हिपॅरिनचं, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं, इंजेक्शन बाजूच्या स्वच्छ ओट्यावर भरून एकेका पेशंटपुरतं आणायला हवं. बाटली ट्रॉलीवर ठेवून ट्रॉली बेड-बेड फिरत असेल, तर ते सेंटर माझ्या मनातून उतरतं.

आता ग्लोव्हज. पूर्वी मी दुसऱ्या एका सेंटरला जायचो, तिथली गोष्ट. शेजारच्या बेडवर एक मुलगा पेशंटच्या सुया काढत होता. माझ्या मशीनचा अलार्म वाजला. कूस बदलताना माझी नळी दुमडली होती. तो तसाच वळला, नळी सरळ केली आणि त्याच ग्लोव्हजच्या बोटाने अलार्म बंद केला. बटणावर ज्वारीच्या दाण्याएवढा लाल ठिपका राहिला. मशीन चालू, सगळं ठीक. तो ठिपका हळूहळू काळा पडत गेला आणि मी उरलेले तीन तास त्याच्याकडे बघत पडलो. हिपॅटायटिस बीचा, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीचा, विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी काही बोललो नाही. परवा हाच मुलगा मला सुई टोचणार, ही भीती.

आता बोलतो. एवढंच म्हणतो, "दादा, ग्लोव्हज बदलता का जरा?" तेही हळू आवाजात, आणि जिथल्या तिथे. आगारात मी हेल्परांवर ओरडायचो, त्याने नट काही जास्त घट्ट बसले नाहीत. पोरं फक्त माझ्यासमोर काम करायचं टाळायला लागली. नियम साधा आहे: दर पेशंटला नवे ग्लोव्हज, आणि ते काढल्यावरही हात धुवायचे किंवा सॅनिटायझर लावायचा.

हिपॅटायटिस बीचे पेशंट वेगळ्या खोलीत, वेगळ्या मशीनवर हवेत, आणि त्यांचं बघणारा माणूस त्याच शिफ्टमध्ये तुमच्याकडे यायला नको. हे सरळ विचारा. लस आपणही घ्यायची. डायलिसिसच्या पेशंटला नेहमीच्या दुप्पट डोस देतात, पहिला धरून चार वेळा: मग १, २ आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून अँटीबॉडीचा आकडा १० च्या वर आला का बघायचं. आमच्यातल्या पुष्कळांना लस पहिल्या फेरीत लागत नाही. माझा आकडा ६ आला होता, सगळे डोस पुन्हा घेतले. नंतरही वर्षातून एकदा तपासायचं, कारण आकडा उतरतो.

माझ्या आवडीची जागा म्हणजे आरओची खोली, मशीनला लागणारं पाणी जिथे शुद्ध करतात ती. मशीन मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी खातं, म्हणजे चार तासांत १२० लिटर. ते पाणी आणि तुमचं रक्त यांच्यामध्ये फक्त पातळ पडदा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पिणाऱ्याला बाधत नाही, पण इथून रक्तात शिरलं तर तांबड्या पेशी फुटतात. आरओचा पडदा ते पुरतं अडवत नाही, त्याच्या आधी कोळशाची टाकी असते ती अडवते. कोळशाचा दम संपला तरी पाणी दिसायला तसंच स्वच्छ. म्हणून दर शिफ्टच्या आधी क्लोरीन तपासून वहीत लिहायचं असतं, आकडा लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या आत. शिवाय दर महिन्याला पाण्याची कल्चर, त्यात एका मिलिलिटरला १०० पेक्षा कमी जिवाणू हवेत. खोलीत घुसू नका, वही दाखवा म्हणा. मी पहिल्यांदा मागितली तेव्हा टेक्निशियन हसला, "काका, ऑडिटला आलाय काय?" पण दाखवली. महिनाभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेल्या दिसल्या की काय ते समजायचं. टायरच्या हवेची वही मीही कधीकाळी तशी भरलीय, ते अक्षर मला लांबून ओळखू येतं.

डायलायझर म्हणजे रक्त ज्यातून गाळलं जातं ते नळकांडं. आपल्याकडे ते धुऊन पुन्हा वापरतात. शिस्तीत होत असेल तर माझी हरकत नाही. त्यावर तुमचं पूर्ण नाव, नंबर आणि कितवा वापर ते लिहिलेलं हवं, आणि लावण्याआधी तुम्ही ते स्वतः वाचायचं. आमच्या शिफ्टला दोन पाटील आहेत, आद्याक्षरंही तीच. दोघं रोज एकमेकांना आपापला डायलायझर वाचून दाखवतात, मग हात पुढे करतात. डायलायझरचं आतलं आकारमान मूळच्या ८०% च्या खाली गेलं की तो टाकून द्यायचा. आत भरून ठेवलेलं जंतुनाशक पूर्ण निघालं का हे कागदी पट्टीने तपासतात. ती पट्टी समोर बुडवायला सांगा. हिपॅटायटिस बीवाल्याचा डायलायझर पुन्हा वापरायचाच नाही.

एवढं सगळं सेंटरचं झालं. आता माझी चूक सांगतो. फिस्टुला, म्हणजे सुया टोचण्यासाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडून केलेली जागा, तयार होईपर्यंत माझ्या मानेत कॅथेटर होता, म्हणजे रक्त नेण्या-आणण्याची नळी. दिवाळीची पहिली अंघोळ. बायको म्हणाली, "खांद्याखालीच पाणी घ्या हं." उटण्याचा वास आला आणि मी तांब्या नेहमीसारखा डोक्यावर ओतला. ड्रेसिंग भिजलं. वरून टॉवेल दाबला, गप्प बसलो. भाऊबीजेला डायलिसिस सुरू झालं आणि अर्ध्या तासात अशी हुडहुडी भरली की बेडची दांडी खडखडायला लागली. ताप, रक्ताची कल्चर, अँटीबायोटिक, जुना कॅथेटर काढून नवीन, नऊ दिवस ॲडमिट. बहीण ओवाळायला वॉर्डात आली.

म्हणून कॅथेटरवाल्यांनी हे पाठ करा. ड्रेसिंग भिजलं, सुटलं, मळलं, तर त्याच दिवशी सेंटरला जायचं, घरी चिकटपट्टी लावायची नाही. नळ्या जोडताना-काढताना टेक्निशियनच्या तोंडावर मास्क आणि तुमच्याही. तोंड दुसरीकडे वळवायचं, बोलायचं नाही. कॅथेटरची तोंडं घासून पुसल्याशिवाय जोडू द्यायची नाहीत. सलाईन किंवा रक्ततपासणीसाठी तो कुणालाही उघडू द्यायचा नाही. आणि डायलिसिसवर थंडी वाजली तर आधी सिस्टरला हाक मारा, चादर नंतर मागा. कॅथेटर निघून फिस्टुला कधी लागणार, हा प्रश्न दर भेटीला डॉक्टरांना विचारत राहा. ते कंटाळले तरी चालेल.

फिस्टुलाचं सोपं आहे. बेडवर जाण्याआधी तो हात साबणाने धुवायचा, कोपरापासून खाली नीट. जंतुनाशक लावल्यावर ते वाळू द्यायचं आणि "इथे टोचा" म्हणून बोट लावून दाखवायचं नाही. हे मी अजूनही कधीकधी विसरतो. सुईची जागा दरवेळी थोडी सरकवायला सांगायची. त्या हाताला बीपीचा पट्टा नाही आणि त्यातून रक्तही काढायचं नाही.

महात्मा जोतिराव फुले योजनेतून फुकट होतंय, मग कशाला विचारायचं, असं पुष्कळ जण म्हणतात. विचारायचं. महिन्याच्या रिपोर्टात यूआरआर ६५ च्या वर आहे का तेही विचारायचं, रक्त किती साफ झालं ते त्यावरून कळतं.

सुया निघाल्या की गॉज आपणच दाबून धरतो, तेव्हा दुसऱ्या हातात ग्लोव्हज मागून घ्या. रक्ताचं गॉज पिवळ्या पिशवीत, नंतर हात धुवायचे आणि मग एसटी स्टँड. पट्टी मी रात्री काढतो. झोपताना तो हात कानाशी धरतो. आत गाडी न्यूट्रलवर उभी असल्यासारखी घरघर चालू असते. ती ऐकू आली नाही, हाताला थरथर लागली नाही, तर सकाळची वाट बघायची नाही, तेव्हाच्या तेव्हा सेंटरला फोन करायचा.