प्लाझ्मा प्लांटमध्ये शिकायचं काय? टॉर्च सोडून सगळं

प्लाझ्मा प्लांट म्हणजे विजेच्या आर्कच्या उष्णतेने कारखान्यांचा धोकादायक कचरा नष्ट करणारा प्रकल्प, आणि तो आर्क जिथे तयार होतो तो टॉर्च. केमिकल-मेकॅनिकल इंजिनिअरिंगची शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टसाठी भेटतात, तेव्हा पहिला प्रश्न टॉर्चचाच असतो. आर्कचं तापमान ५,००० अंशांच्या वर जातं, हे त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. मी त्यांना कचऱ्यातली ओल विचारतो.

नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीतल्या प्लेटिंगवाल्यांचा (धातूवर मुलामा देणाऱ्यांचा) गाळ पाणी पिळून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघाला, तरी त्यात निम्म्याहून जास्त पाणी असू शकतं. एका टनात ६०० किलो धरा. तेवढ्याची नुसती वाफ करायला सुमारे ४३० युनिट वीज जाते, आणि कचरा अजून तापलेलासुद्धा नाही! म्हणून आधी ड्रायर, तोही टाकाऊ उष्णतेवर. शिवाय या गाळाला उष्मांक, म्हणजे जळून मिळणारी उष्णता, जवळजवळ नसतो. फार्माच्या अवशेषांना असतो, पण त्यात क्लोरीन येतं. दोन्ही एकाच रिॲक्टरला घालायचं तर मिश्रणाचं गणित आणि स्लॅग (वितळून उरलेला राखेचा रस) काकवीसारखा वाहता राहील इतका चुना-वाळूचा हिशेब, हेच खरं डिझाइन.

सगळ्यात जास्त डोकं मात्र वायूपाशी लागतं. क्लोरीन असलेला वायू ४५० ते २०० अंशांमधून रेंगाळत थंड झाला की डायऑक्सिन ही अतिविषारी संयुगं पुन्हा तयार होतात. त्यामुळे तिथे पाण्याचा मारा करून सेकंदाच्या आत तापमान उतरवायचं. बॉयलरवाला म्हणतो, एवढी उष्णता फुकट घालवता? घालवायची. हा वाद प्रत्येक मीटिंगला होतो.

हॅझॉपमध्ये, म्हणजे काय काय बिघडू शकतं ते तपासणाऱ्या बैठकीत, नवख्याने एक प्रश्न जरूर विचारावा: लाइट गेली तर? टॉर्च बंद पडतो, पण आतला कचरा तापलेलाच असतो आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड हे पेटणारे वायू सोडत राहतो. वायू बाहेर ओढणारा आयडी फॅन जनरेटरवर किती सेकंदांत येतो, तोवर हवा आत शिरली तर काय, नायट्रोजन कुठून येणार, हे सगळं पी अँड आयडीवर, म्हणजे पाइप आणि उपकरणांच्या आराखड्यावर, दिसलं पाहिजे.

अभ्यास म्हणाल तर मास आणि एनर्जी बॅलन्स (किती माल आणि उष्णता आत गेली, किती बाहेर आली) हाताने मांडा, मग डीडब्ल्यूसिम हे प्रक्रियेचं गणित करणारं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे. धोकादायक आणि जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम मुळातून वाचा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेचं पायरोलिसिसवरचं (हवेशिवाय उष्णतेने कचरा विघटित करण्यावरचं) काम बघा. पुण्याजवळ रांजणगावला दिवसाला ७२ टनांचा प्लाझ्मा प्रकल्प उभारला गेला, म्हणजे उदाहरण शोधायला परदेशात जायला नको.

फक्त प्लाझ्माच्या नोकरीवर मात्र विसंबू नका. इंग्लंडच्या टीज व्हॅलीतले दोन प्रचंड प्रकल्प एअर प्रॉडक्ट्सने २०१६ मध्ये सोडून दिले. सुरुवात इन्सिनरेटर (कचरा जाळणारी भट्टी) किंवा ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) करा. पगार बेताचा, रात्रपाळी ठरलेली. पण तिथलं शटडाऊनचं लॉगबुक वाचायला मागा. कुठलं नोझल कशाने तुंबतं, हे व्हेंडर कॅटलॉगमध्ये छापत नाही.