अथेन्सचं घुबडाचं नाणं कसं वाचावं

ग्रीक नाण्यांशी ओळख करून घ्यायची असेल, तर अथेन्सच्या चार द्राख्मांच्या (द्राख्मा हे ग्रीकांचं चलन) चांदीच्या नाण्यापासून सुरुवात करावी. ग्रीक येत नसलं तरी ते बरंच वाचता येतं.

आधी वजन आणि जाडी. वजन साधारण १७.२ ग्रॅम, रुंदी जेमतेम अडीच सेंटीमीटर, त्यामुळे नाणं चांगलं जाडजूड. चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतली.

मग पुढच्या बाजूवर कोरलेल्या अथेना देवीचा डोळा पाहा. काळ ओळखायची खरी खूण तिथे आहे. चेहरा बाजूने कोरलेला, पण डोळा समोरून पाहिल्यासारखा बदामी असेल, तर नाणं बहुधा इ.स.पू. पाचव्या शतकातलं किंवा त्याआधीचं. डोळाही बाजूने दिसत असेल, तर चौथ्या शतकातलं. मूर्तिकला एवढी पुढे गेली तरी नाण्यावरचा डोळा जुनाच राहिला. माझ्या मते कारण व्यापारी आहे: परमुलखात चालणाऱ्या नाण्याचा चेहरा बदलणं परवडत नाही. शिरस्त्राणावर ऑलिव्हची तीन पानं दिसली, तर ते इराण्यांशी झालेल्या युद्धानंतरचं.

आता नाणं उलटा. घुबडाचं अंग उजवीकडे, तोंड मात्र आपल्याकडे. मागे ऑलिव्हची डहाळी आणि चंद्रकोर, पुढे अल्फा, थीटा, एप्सिलॉन ही तीन अक्षरं, म्हणजे 'अथेन्सकरांचं'. चंद्रकोरीचा संबंध कुणी इराण्यांविरुद्धच्या मॅरेथॉनच्या लढाईशी जोडतं, कुणी सॅलॅमिसच्या. ठोस पुरावा कशालाच नाही. भोवतीचा खोलगट चौकोन वरच्या ठशाचा. अथेनाचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, वर चांदीची चकती, तिच्यावर घुबडाचा ठसा, आणि मग हातोडा.

शिरस्त्राणाचा तुरा कापला गेला असेल तर बिचकू नका, छाप सरकणं नेहमीचंच. छिन्नीचा घावही चालेल: आत तांबं तर नाही ना, हे कुणीतरी तपासलंय. शंका रास्तच होती, कारण इ.स.पू. ४०६ च्या सुमारास खुद्द अथेन्सने तांब्यावर चांदी चढवून नाणी पाडली होती. कडेला सांधा किंवा पृष्ठभागावर बुडबुड्यांचे खड्डे दिसले, तर मात्र ते ओतीव, म्हणजे नकली असण्याचा संभव मोठा.

नजर तयार झाली की आपल्याकडचा, पश्चिम भारतातला शक राजा क्षत्रप नहपान याचं चांदीचं नाणं बघा. राजाच्या मुखवट्याभोवती ग्रीक अक्षरं सापडतील. नाशिकजवळच्या जोगळटेंभी इथे १९०६ मध्ये अशी तेरा हजारांहून अधिक नाणी मिळाली. त्यांतल्या बऱ्याच नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे, तेव्हा त्याच्या खालून नहपानाचं नाक शोधावं लागतं.