मेसेज नेमका कुठे अडकला? एसएमएस आणि एमएमएसची वाट समजून दुरुस्ती कशी करावी

संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक निघते, होम मैदानावर गड्डा म्हणजे यात्रा भरते, आणि त्या गर्दीत फोन लावायला गेलं की लागत नाही. अशा वेळी कॉल पुन्हा पुन्हा लावत बसण्यापेक्षा साधा एसएमएस टाकावा. कॉलला बोलणं संपेपर्यंत नेटवर्कमध्ये जागा धरून ठेवावी लागते. एसएमएसला मात्र क्षणभर वाट मिळाली तरी पुरते, आणि इंटरनेट लागतच नाही. यात्रेत चुकामूक झाली तर “सम्मती कट्ट्याजवळ थांबलोय” एवढा निरोप त्याच वाटेने निघतो, थोडा उशिरा का होईना.

ही वाट एकदा समजली की “मेसेज जात नाही” आणि “ओटीपी येत नाही” या रोजच्या तक्रारींपैकी बऱ्याच घरच्या घरी सुटतात. त्यासाठी अभियंता असायची गरज नाही. मेसेज कुठल्या टप्प्यावर थांबला एवढं ओळखता आलं पाहिजे.

पायरी १ : वाट लक्षात घ्या

तुम्ही “पाठवा” दाबलं की मेसेज थेट समोरच्या फोनवर जात नाही. आधी तो जवळच्या टॉवरमार्फत तुमच्या कंपनीच्या मेसेज सेंटरकडे जातो. हे सेंटर एसटी स्टँडवरच्या पार्सल कार्यालयासारखं काम करतं: सामान ठेवून घ्यायचं, घेणारा आला की द्यायचं. समोरचा फोन सध्या कुठल्या भागात नोंदलेला आहे हे सेंटर नेटवर्कला विचारतं आणि मेसेज तिकडे धाडतं. फोन बंद असेल किंवा रेंजमध्ये नसेल तर मेसेज सांभाळून ठेवतं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतं. ठरलेली मुदत संपली की मात्र मेसेज रद्द होतो.

फोन आणि नेटवर्क एकमेकांना जे नियंत्रणाचे संकेत देतात, त्यांच्याच वाटेने एसएमएस जातो. म्हणूनच आपण कॉलवर बोलत असतानाही मेसेज येऊन पडतो. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नील पॅपवर्थ या अभियंत्याने तो संगणकावरून पाठवला होता, आणि मजकूर होता नाताळच्या शुभेच्छांचा. नंतर नेटवर्कच्या पिढ्या बदलल्या, पण आधी साठवायचं आणि मग पोचवायचं ही रीत तशीच राहिली.

पायरी २ : “गेला” आणि “पोचला” यात फरक करा

मेसेजखाली “पाठवला” असं दिसलं म्हणजे तो मेसेज सेंटरपर्यंत गेला, इतकंच. समोरच्याला मिळाला की नाही हे कळण्यासाठी मेसेज ॲपच्या सेटिंगमध्ये “डिलिव्हरी रिपोर्ट” चालू करा. हे सेटिंग बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये असतं आणि बहुतेक जण त्याकडे बघतही नाहीत. व्यवहाराचे निरोप पाठवणाऱ्याने ते चालू ठेवलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. चाटी गल्लीतून माल निघाल्याचं कळवलं आणि समोरच्याचा फोन दिवसभर बंद होता, तर तुम्हाला ते त्याच दिवशी कळायला हवं.

आणखी एक पाहा. आजकालच्या अँड्रॉइड फोनमध्ये त्याच मेसेज ॲपमधून आरसीएस चॅटही चालतं, आणि ते इंटरनेटवरून जातं. समोरच्याचा डेटा बंद असेल तर ते अडकून राहू शकतं. निरोप तातडीचा असेल तर तो एसएमएस म्हणूनच पाठवायचा पर्याय निवडा.

पायरी ३ : कॉल लागतो पण एकही एसएमएस जात नाही?

या लक्षणाचं एक ठरलेलं कारण असतं. मेसेज सेंटरचा स्वतःचा एक नंबर असतो आणि तो सहसा सिमकार्डात साठवलेला असतो. तो पुसला गेला किंवा चुकला तर कॉल व्यवस्थित लागतात, येणारे मेसेजही येतात, फक्त जाणारा प्रत्येक मेसेज नापास होतो. आधी रिचार्ज संपलेला नाही ना ते बघा, मग फोन बंद करून चालू करा. तरीही तेच झालं तर कंपनीच्या १९८ या तक्रार क्रमांकावर तक्रार करा आणि “मेसेज सेंटर नंबर तपासून द्या” असं नेमक्या शब्दांत सांगा. नुसतं “नेटवर्क नाही” म्हटलं तर तक्रार भलत्याच दिशेला जाते.

पायरी ४ : मराठीत लिहिताना जागा मोजा

एका एसएमएसमध्ये मजकुराला १४० बाइट, म्हणजे ११२० बिट जागा असते. रोमन लिपीतल्या साध्या अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. देवनागरीला प्रत्येक चिन्हामागे १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७०. सोलापुरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दूतही निरोप जातात; त्या लिप्यांनाही हीच ७० ची मर्यादा आहे.

इथे चिन्ह म्हणजे डोळ्याला दिसणारं अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. “सिद्धेश्वर” हा शब्द दिसायला चार अक्षरांचा आहे, पण फोनच्या हिशेबात तो स, ि, द, ्, ध, े, श, ्, व, र असा दहा जागा घेतो.

मेसेज ७० च्या पुढे गेला की फोन त्याचे तुकडे करतो. तुकडे पलीकडे योग्य क्रमाने जोडले जावेत म्हणून प्रत्येक तुकड्यात थोडी माहिती भरावी लागते, त्यामुळे प्रत्येकी ६७ चिन्हंच उरतात (रोमनमध्ये १५३). म्हणजे १५० चिन्हांचा मराठी निरोप तीन एसएमएस म्हणून जातो, आणि तेवढ्याच लांबीचा रोमन निरोप एकच. दिवसाला १०० एसएमएसचं पॅक असेल तर हा फरक लगेच जाणवतो. रोमन मजकुरात एक जरी इमोजी टाकला तरी अख्खा मेसेज १६ बिटांच्या हिशेबात जातो आणि मर्यादा ७० वर येते. तरी मी म्हणेन, मराठीतच लिहा. फक्त निरोप आटोपशीर ठेवा आणि लिहिताना कोपऱ्यातल्या आकड्यावर नजर असू द्या. समोर अगदी जुना बटणांचा फोन असेल आणि त्यावर चौकोन उमटत असतील, तेवढ्यापुरतं रोमन वापरा.

पायरी ५ : ओटीपी येत नसेल तर

मेसेज ॲपमधलं “स्पॅम आणि ब्लॉक” आधी उघडून बघा. दोन सिमचा फोन असेल तर बँकेत दिलेल्या नंबरचं सिम चालू आहे ना, हेही बघा. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले असतील तर येणारे मेसेजही बंद होऊ शकतात.

सिम नुकतंच बदललं असेल तर घाबरू नका. डुप्लिकेट सिम किंवा ई-सिम घेतल्यावर पहिले २४ तास एसएमएस मुद्दाम बंद ठेवले जातात. कुणी तुमच्या नावाने खोटं सिम काढलं तर त्याला लगेच ओटीपी मिळू नये, म्हणून सरकारने हा नियम केला आहे. नियम चांगला आहे, पण दुकानात तो आधी सांगितला जातोच असं नाही. बँकेचं, परीक्षेच्या फॉर्मचं किंवा रेल्वे तिकिटाचं काम असेल तर ते आधी उरका, मग सिम बदला.

ओटीपी पुन्हा पुन्हा मागवू नका. आधीचे मेसेज सेंटरमध्ये थांबलेले असतात आणि नंतर एकदम येतात. मग कुठला ताजा हे कळत नाही आणि चुकीचा भरला जातो.

ओटीपी आला तरी पाठवणारा कोण ते बघा. बँक, सरकारी खातं किंवा कंपनी यांचा मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून येत नाही, नोंदणीकृत नावाने येतो. २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी डॅश देऊन एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. “आज रात्री वीज तोडू” असा मेसेज साध्या मोबाइल नंबरवरून आला तर त्यातल्या नंबरवर फोन करू नका. सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या “चक्षू” सुविधेत त्याची तक्रार नोंदवा. पैसे गेलेच असतील तर क्षणही न घालवता सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा. नकोशा जाहिरातींची तक्रार करायला १९०९ आहे.

पायरी ६ : फोटो जोडला की मेसेजची जात बदलते

मेसेज ॲपमध्ये फोटो, आवाज किंवा व्हिडिओ जोडला की तो एमएमएस होतो. काही फोनवर नुसता विषय लिहिला तरी होतो. त्याची वाट वेगळी आहे. तुमचा फोन आधी मोबाइल डेटावरून फोटो कंपनीच्या एमएमएस सेंटरला चढवतो. समोरच्या फोनला फक्त एक छोटी सूचना जाते, तीही एसएमएसच्याच वाटेने. मग तो फोन स्वतःच्या डेटावरून फोटो उतरवून घेतो. म्हणून “डाउनलोड करा” असं दिसतं आणि पुढे काहीच होत नाही, तेव्हा सूचना पोचलेली असते, अडलेला असतो तो डेटा. वायफाय बंद करून मोबाइल डेटा चालू करा. तरी जमलं नाही तर मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये एपीएन (कंपनीच्या डेटाशी फोन जोडणारी माहिती) मूळ स्थितीत आणा, कारण एमएमएस सेंटरचा पत्ता तिथेच लिहिलेला असतो.

आकाराची मर्यादाही कडक असते, बहुधा काहीशे केबी ते एखादा एमबी. मोठा फोटो आपोआप दाबून लहान केला जातो. चादरीच्या नक्षीचा फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा असेल तर या दाबादाबीत सूत आणि रंगछटा हरवतात, त्यासाठी व्हॉट्सॲपवर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवाय रोजच्या मोफत एसएमएसमध्ये एमएमएस बहुतेक वेळा धरलेला नसतो, त्याचे पैसे वेगळे कापले जातात. ते टाळायचे असतील तर पाठवण्याआधी बटणाजवळ “एमएमएस” असं उमटलंय का ते बघा. उमटलं असेल तर फोटो किंवा विषय काढून टाका, मेसेज पुन्हा साधा एसएमएस होतो.