उरलेलं उटणं चेहऱ्याला लावताना
दिवाळीचं उटणं उरतं आणि डब्यात पडून राहतं. चेहरा तेलकट असेल तर ते गुलाबपाण्यात कालवा, कोरडा असेल तर दुधात किंवा सायीत. मात्र लेप वाळून तडकेपर्यंत ठेवू नका. त्यातली मुलतानी माती तेल शोषते, कोरड्या त्वचेला तेच जाचतं. ८-१० मिनिटांत, ओलसर असतानाच पाण्याचा हात लावून सोडवा. मुरुमांवर तर घासूच नका. लिंबू पिळायचा मोहही आवरा: त्याचा पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) २च्या आसपास, त्वचेचा ५च्या, आग होणारच! उटण्यातली आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी सगळ्यांनाच सोसतात असं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून धुवा आणि एक दिवस वाट बघा.