शास्त्राभ्यासात अवघड प्रश्न येतो तेव्हा

गेल्या महिन्यात आमच्या पाळकसाहेबांनी तरुण संघाचा शास्त्राभ्यास, म्हणजे बायबलचा वर्ग, एका नव्या मुलीकडे सोपवला. मुलगी वाचणारी, धीट. तरी त्याच संध्याकाळी वही घेऊन माझ्या दारात उभी. वहीत ११ प्रश्न लिहिलेले. म्हणाली, "ताई, यातला एक जरी कुणी विचारला तर मी काय सांगू?" नगरमध्ये शब्बाथ शाळा आणि तरुणांचा वर्ग घेत मला २२ वर्षं झाली. तिच्याशी रात्री साडेदहापर्यंत बोलले, तेच इथं लिहून काढते आहे. तिच्यासारखे आणखी कितीतरी जण पहिल्यांदा वर्गासमोर उभे राहत असतील.

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण पुढचं सगळं मी त्या चुकीतून शिकले. पहिलंच वर्ष होतं. रविवारची भक्ती संपली होती, बाहेर चपला घालायची गर्दी होती. एक बाई माझ्यापाशी आली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच विचारलं, "ताई, बाप्तिस्म्याआधी गेलेलं लेकरू कुठं जातं हो?" मी नुकताच शास्त्राचा अभ्यासक्रम पुरा केलेला. चांगला प्रश्न मिळाला म्हणून मला आनंदच झाला. बालकांचा बाप्तिस्मा कधी सुरू झाला, कोणते पंथ मानतात, कोणते मानत नाहीत, असं दहा मिनिटं बोलत राहिले. तिनं सगळं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि गेली. संध्याकाळी शेजारणीकडून कळलं, की पाच दिवसांपूर्वी तिचं बाळ दवाखान्यात दगावलं होतं. जन्मून आठवडाही झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. पहिला अर्धा तास काही बोलले नाही. बायबलमधल्या दुःखानं खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर त्यांचं बरोबर होतं. ते बोलायला लागले तिथून बिघडलं. मग तिनंच पुन्हा विचारलं, तेव्हा आम्ही २ शमुवेलचा १२वा अध्याय उघडला. दावीद राजाचं मूल सातव्या दिवशी मेलं. हा सातवा दिवस जन्मापासूनचा की आजारपणाचा, ते वचनात स्पष्ट नाही. जन्मापासूनचा धरला, तर त्या बाळाची सुंताही झालेली नव्हती, कारण सुंता आठव्या दिवशी. देवाशी झालेल्या कराराची खूण अंगावर नसलेलं लेकरू. आणि तरीही दावीद म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन, ते माझ्याकडे परत येणार नाही. ती बाई त्या वचनावर बोट ठेवून बराच वेळ बसली होती. या एका वचनावर सिद्धान्त उभा राहत नाही, हे मला माहीत आहे आणि मी तिला तसं सांगितलंही. पण येशूनं लेकरांना जवळ घेतलं तेव्हा त्यांच्याकडून आधी काहीच मागितलं नाही, हे मार्काच्या १०व्या अध्यायात आहे, आणि त्यावर मी आजही ठामपणे उभी आहे.

तेव्हापासून कुणी काहीही विचारलं की मी आधी विचारते, "हे तुमच्या मनात कुठून आलं?" कधी उत्तर येतं, "वाचताना अडलं." कधी, "ऑफिसातल्या मित्रानं विचारलं, मला सांगता येईना." आणि कधी माणूस रडायला लागतो. त्रैक्याचा, म्हणजे बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर नोकरीबद्दल बोलायचं असतं, असंही मी पाहिलंय.

वाचताना अडलेल्याला मात्र नीट, पूर्ण उत्तर द्यायला हवं, आणि ते बहुतेक वेळा त्या वचनाच्या आसपासच सापडतं. लूक १४:२६ घ्या. येशू म्हणतो, जो आपल्या आईबापाचा द्वेष करत नाही, त्याला माझा शिष्य होता येत नाही. घरातून एकटाच विश्वासात आलेल्या मुलाला हे वचन फार टोचतं. "आईचा द्वेष करू?" असं एकानं मला डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं. तिथं आधी मत्तय १०:३७ काढून शेजारी ठेवावं. तीच शिकवण, पण शब्द आहेत "माझ्यापेक्षा आईबापावर अधिक प्रीती". मग उत्पत्तीचा २९वा अध्याय. याकोबाची लेआपेक्षा राहेलवर अधिक प्रीती होती, असं एका वचनात म्हटलंय, आणि लगेच पुढच्या वचनात लेआसाठी जो हिब्रू शब्द येतो त्याचा अर्थ "द्वेष केलेली" असाच होतो. आपल्या गोष्टींतल्या आवडत्या-नावडत्या राण्या आठवा. नावडती म्हणजे पहिला मान जिला नाही ती. हिब्रू बोलण्याची ही धाटणी लक्षात आली की येशू काय मागतो आहे ते उघड होतं, आणि ते सोपं मात्र मुळीच होत नाही. आईबापाचा मान राख, ही पाचवी आज्ञाही जागेवरच राहते. त्या मुलाला मी त्या दिवशी शेवटी एवढंच विचारलं, की आईला फोन कधी केला होता.

आमच्या वर्गात सगळ्यात जास्त वेळा येतो तो प्रश्न प्रसादाचा. एमआयडीसीतल्या कंपनीत नव्यानं लागलेला एक मुलगा एकदा वर्गात जेवणाचा डबा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर उघडला. आत रुमालात गुंडाळलेला द्रोण, द्रोणात सत्यनारायणाचा शिरा. केळ्याचे काप काळे पडलेले, तूप गोठून कडेला पांढरं झालेलं. सुपरवायझरनं स्वतः आणून हातात दिला, याच्यानं नाही म्हणवेना आणि खाववेना. टाकायचीही लाज वाटली. दोन दिवस तो द्रोण त्याच्यासोबत फिरत होता.

नव्यानं शिकवणाऱ्यांनो, अशा वेळी "खा" किंवा "खाऊ नका" असं एका शब्दात सांगून मोकळं व्हायचा मोह होईल. तसं करू नका. पौलानं करिंथच्या चर्चला लिहिलेल्या पहिल्या पत्राचे, म्हणजे १ करिंथचे, ८ आणि १० हे दोन्ही अध्याय पूर्ण वाचा. पौलाच्या डोळ्यांसमोर तीन वेगवेगळ्या जागा आहेत. एक, देवळातच पंगतीला बसणं. त्याला तो साफ नको म्हणतो. दुसरी, बाजार. तिथं विकलं जाणारं मांस चौकशी न करता घ्या म्हणतो. तिसरी, विश्वास न ठेवणाऱ्या माणसाच्या घरचं आमंत्रण. जायची इच्छा असेल तर जा, वाढतील ते खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नका. मूर्ती जगात काहीच नाही, हे ज्ञान पौल नाकारत नाही. पण माझ्या ज्ञानानं दुसऱ्या भावाचं मन मोडत असेल, तर तो जन्मभर मांस सोडायला तयार आहे. याच्या बरोबरीनं प्रेषितांची कृत्ये १५:२९ आणि प्रकटीकरणाचा दुसरा अध्यायही वाचलाच पाहिजे. तिथं सूर कडक आहे. आपल्या मताला सोयीची वचनं वाचून दाखवायची आणि बाकीची झाकायची, हे शिकवणाऱ्यानं कधीही करू नये. ऐकणारा घरी जाऊन वाचतो, आणि मग त्याचा तुमच्यावरचाच नाही, वचनावरचाही विश्वास डळमळतो.

त्या मुलानं काय ठरवलं? तो सुपरवायझरला जाऊन भेटला. म्हणाला, साहेब, तुम्ही आठवणीनं आणलंत, पण मी हे घेत नाही, माझ्या श्रद्धेमुळं. ते म्हणाले, "अरे, मग आधी नाही का सांगायचं," आणि त्याला चहाला घेऊन गेले. त्याच वर्गात एक सून होती, तिचं सासर हिंदू. ती सासूबाईंच्या हातून प्रसाद घेते आणि मनात प्रभूचे आभार मानते. दोघांमध्ये त्या दिवशी चांगलाच वाद झाला. मी रोमकरांस पत्राचा १४वा अध्याय काढला. खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. ते दोघं आजही आपापल्या मतावर आहेत आणि प्रभुभोजनाला एकाच बाकावर बसतात.

त्रैक्याबद्दल. पाणी, बर्फ आणि वाफ हा दाखला कृपा करून देऊ नका. मी कितीतरी वर्षं दिला, मग एका दहावीतल्या मुलीनं विचारलं, "पण तेच पाणी एकाच वेळी तिन्ही कसं असेल?" तिचं बरोबर होतं. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी यार्देन नदीच्या काठी पुत्र पाण्यातून वर येतो आहे, आत्मा उतरतो आहे आणि स्वर्गातून बापाची वाणी होते आहे, सगळं एकाच वेळी. एकच देव वेळेप्रमाणे तीन रूपं घेतो, ही शिकवण मंडळीनं (चर्चनं) सुरुवातीच्या शतकांतच नाकारली. एकच बाई कुणाची आई, कुणाची बायको, कुणाची मुलगी, हा दाखलाही त्याच खड्ड्यात नेतो. दाखल्यांपेक्षा वचनं दाखवा. त्रैक्य हा शब्द बायबलमध्ये नाही, हे स्वतःहून सांगा. विचारणाऱ्याला ते शोधून काढावं लागलं तर त्याला वाटतं तुम्ही लपवत होता. देव एकच, हे अनुवाद या पुस्तकातलं ६:४. शब्द, म्हणजे ख्रिस्त, देव होता, हे योहान १:१. बाप, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या एकाच नावानं बाप्तिस्मा, हे मत्तय २८:१९. हे सगळं एकत्र धरायला मंडळीला शब्द हवा होता, आणि ३२५ मध्ये निकियाला भरलेल्या बिशपांच्या सभेत पुत्र बापाशी एकतत्त्व आहे असं ठरलं, त्यामागं हीच धडपड होती. "त्या घटकेविषयी पुत्रालाही ठाऊक नाही" हे मार्क १३:३२ कुणीतरी काढणारच. ते फिलिप्पैच्या दुसऱ्या अध्यायाबरोबर, स्वतःला रिक्त करणाऱ्या ख्रिस्ताबरोबर वाचा. आणि १ योहान ५:७ मधलं स्वर्गातल्या तीन साक्षीदारांचं वाक्य जुन्या काही भाषांतरांत दिसतं, त्यावर भिस्त ठेवू नका. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत ते नाही. ग्रीक नवा करार छापणाऱ्या इरास्मस या विद्वानानं आपल्या १५१६ आणि १५१९ च्या आवृत्त्यांत ते घेतलं नव्हतं, दबाव आल्यावर १५२२ मध्ये घातलं.

त्रैक्याशी झगडणाऱ्याला मी पंडिता रमाबाईंबद्दल सांगते. १८८३ मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरही त्रैक्य आणि ख्रिस्ताचं देवत्व यांवर तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रांतून वाद चालूच होता. पटल्याशिवाय मान डोलवायची नाही, हा त्यांचा बाणा. तीच बाई पुढं हिब्रू आणि ग्रीक शिकली, सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून छापवून घेतलं. प्रश्न विचारणारी पोरं वर्गातून उठवून लावावीशी वाटली, तर हे आठवा.

बालकांचा बाप्तिस्मा की मोठेपणी? इथं घराघरांत भांडणं होतात, म्हणून वर्गात एक इतिहास सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली तेव्हा बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ सज्ञान विश्वासणाऱ्यांना देणारे, असे दोन्ही एकत्र आले, आणि दोन्ही पद्धतींना जागा ठेवली गेली. प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याचं सबंध घर त्याच रात्री बाप्तिस्मा घेतं, त्या घरात तान्हं मूल होतं की नाही ते लूक लिहीत नाही. दोन्ही बाजूंनी इथंच थांबायला शिकलं पाहिजे.

"बायकांनी मंडळीत गप्प राहावं असं लिहिलंय, मग तुम्ही कशा शिकवता?" हे मला एका आजोबांनी माझ्या पहिल्याच वर्गात विचारलं. १ करिंथ १४:३४. मी त्यांना त्याच पत्राचा ११:५ वाचायला दिला, तिथं बायका प्रार्थना करतात, संदेश देतात, आणि पौल फक्त डोकं झाकण्याबद्दल बोलतो. मग अपुल्लोला शिकवणारी प्रिस्किल्ला, किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी. स्त्रीला शिकवू देत नाही असं म्हणणारं १ तीमथ्य २:१२ मीच काढून दाखवलं, कारण ते त्यांच्या बाजूचं सगळ्यात भक्कम वचन होतं. आजोबांचं मत बदललं नाही. पण पुढची सात वर्षं, त्यांना चालता येत होतं तोवर, ते दर बुधवारी वर्गाला आले.

विसंगतींचे प्रश्न, म्हणजे येशूला धरून देणारा यहूदा गळफास घेऊन मेला की पडून पोट फुटून, दाविदाला शिरगणतीची बुद्धी परमेश्वरानं दिली की सैतानानं, हे तरुणांना फार आवडतात. दोन्ही उतारे शेजारी शेजारी ठेवा, कोणतं पुस्तक कधी आणि कुणासाठी लिहिलं गेलं ते पाहा, आणि ओढूनताणून जुळवू नका. येशूचं चरित्र लिहिणारे शुभवर्तमानकार चार आहेत, आणि मंडळीनं चारही तसेच ठेवले.

तयारीला माझ्याकडे दोन वेगवेगळी मराठी भाषांतरं असतात, फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं सुबोध बायबल असतं, आणि एक जाड वही. त्या वेळी उत्तर येत नसेल तर वहीत तारीख घालून प्रश्न लिहायचा, "पुढच्या बुधवारी सांगते" म्हणायचं, आणि खरंच पुढच्या बुधवारी सांगायचं.

त्या मुलीच्या वहीतला ११वा प्रश्न होता इफ्ताहाच्या मुलीचा. शास्ते या पुस्तकाचा ११वा अध्याय. बापानं नवस केला, की लढाई जिंकून परतल्यावर घरातून जे पहिलं भेटायला बाहेर येईल ते देवाला होम करून अर्पण करीन, आणि पहिली बाहेर आली ती डफ वाजवत, नाचत त्याची एकुलती एक लेक. "मुलाचा बळी द्यायला निघालेल्या अब्राहामाचा हात देवानं धरला, मग इथं का नाही?" तिनं विचारलं. काही जण म्हणतात तिला मारलं नाही, आजन्म कुमारी ठेवलं. मी तो अर्थ खूपदा पटवून घ्यायचा प्रयत्न केला, आणि वचन वाचलं की माझं मन घेत नाही. तिला मी तसंच सांगितलं. मग आम्ही तो अध्याय मोठ्यानं, आळीपाळीनं वाचला. इफ्ताहाच्या लेकीनं दोन महिने मागून घेतले आणि मैत्रिणींबरोबर डोंगरांवर जाऊन रडली, इथं माझा आवाज अडखळला, पुढचं तिनं वाचलं. इस्राएलाच्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जात, इथं अध्यायातली तिची गोष्ट संपते. तिनं वहीत त्या प्रश्नापुढं काही लिहिलं नाही. म्हणाली, "पहिल्या वर्गात हाच घेऊ का, ताई?" मी हो म्हटलं.