कर्नलमध्ये काउंटर ठेवताय? या चुका टाळा

तक्रार बहुतेक वेळा अशी येते: कर्नलमधलं (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातलं) मोजमाप बंद असताना मशीन नीट चालतं, चालू केलं की मंदावतं. पर्फ हे लिनक्सचं प्रोफायलर लावून पाहिलं तर यादीत सगळ्यात वर आपलंच मोजणारं फंक्शन. त्यात असते एकच ओळ, अ‍ॅटॉमिक (वाढवताना मध्ये दुसरं कोणी घुसू शकत नाही असा) काउंटर एकने वाढवण्याची. पण ६४ कोअर तीच ओळ चालवत असतील, तर लिहिण्याआधी प्रत्येकाला काउंटर असलेली कॅश लाइन (कॅशमध्ये एकदम हलणारा मेमरीचा तुकडा) एकट्याच्या ताब्यात घ्यावी लागते. लाइन या कोअरकडून त्या कोअरकडे फिरत राहते आणि बाकीचे तिची वाट बघत थांबतात. आकडा अचूक येतो, पण जे मोजायला निघालो तेच बदलून गेलेलं असतं.

अशा काउंटरवर लिहिणं सेकंदाला लाखो वेळा होऊ शकतं, वाचणं मात्र काही सेकंदांतून एकदा. म्हणून खर्च लिहिणाऱ्याच्या अंगावरून काढून जमेल तितका वाचणाऱ्यावर टाकायचा. खालच्या बऱ्याचशा चुका हे गणित उलटं मांडल्यामुळे होतात.

सीपीयूगणिक काउंटर केले, तरी मंदच?

प्रत्येक सीपीयूला वेगळा काउंटर द्यावा, हे सगळ्यांना माहीत असतं. घोळ होतो तो प्रत्यक्ष करताना. सीपीयूच्या क्रमांकाने चालणारा ६४ बिटी अ‍ॅरे घेतला, तर ६४ बाइटच्या एका कॅश लाइनमध्ये आठ सीपीयूंचे काउंटर शेजारी शेजारी बसतात आणि ओढाताण तशीच चालू राहते. हेच फॉल्स शेअरिंग. लिनक्समध्ये हा अ‍ॅरे स्वतः मांडत बसू नका; कर्नलचा पर-सीपीयू अ‍ॅलोकेटर वापरा. संशय आला तर ‘पर्फ सी२सी’ चालवा. लिनक्स ४.१० पासून ते उपलब्ध आहे आणि कोणत्या लाइनवरून कोणते सीपीयू भांडताहेत ते ऑफसेटसकट दाखवतं. मग ‘पाहोल’ने स्ट्रक्चरची मांडणी तपासा. पुष्कळदा भांडण दोन काउंटरांचं नसतंच: सतत वाढणारा एक काउंटर आणि सगळे सीपीयू सतत वाचतात पण क्वचितच बदलतो असा एक पॉइंटर, दोघे एकाच लाइनमध्ये राहत असतात.

हे कळल्यावर काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि प्रत्येक काउंटरला पूर्ण कॅश लाइन देऊन टाकतात. २५६ सीपीयूंच्या मशीनवर असा एक काउंटर १६ किलोबाइट खातो. तो प्रत्येक नेटवर्क सॉकेटमध्ये ठेवला आणि सॉकेट एक लाख झाले, की दीड जीबीहून जास्त मेमरी नुसत्या मोजणीत गेली. थोड्या, ग्लोबल आणि फार वापरातल्या काउंटरांनाच ही चैन परवडते.

बेरीज करताना

आलेखात मध्येच अवाढव्य आकडा उसळला, तर आधी बेरजेचा लूप बघा. तो फक्त चालू सीपीयूंवर फिरत असेल, तर एखादा सीपीयू ऑफलाइन गेला की त्याची जमा गळते, एकूण आकडा मागे जातो, आणि अनसाइन्ड वजाबाकीतून राक्षसी वेग बाहेर पडतो. लूप सगळ्या संभाव्य सीपीयूंवर फिरवा, किंवा सीपीयू जाताना त्याची शिल्लक दुसरीकडे वळती करा.

लिनक्सच्या पर-सीपीयू काउंटर लायब्ररीत वाचण्याच्या दोन तऱ्हा आहेत: झटपट पण अंदाजे, आणि सगळ्यांची बेरीज करून नेमकी. झटपट तऱ्हेत प्रत्येक सीपीयूकडे जवळपास एका बॅचइतकी नोंद अजून जमा व्हायची राहिलेली असू शकते. नेहमीची बॅच म्हणजे ३२ किंवा सीपीयूंच्या दुप्पट, यांपैकी मोठा आकडा. ६४ सीपीयूंवर ती १२८, म्हणजे फरक आठ हजारांपर्यंत जाऊ शकतो. डॅशबोर्डला हे चालतं. मर्यादा ओलांडली का हे ठरवायला चालत नाही. तिथे लायब्ररीचं तुलनेचं फंक्शन आहे, ते आकडे जवळ आले तरच नेमकी बेरीज करतं.

दोन काउंटरांचा फरक, म्हणजे ‘आलेले वजा हाताळलेले’, उणे येतोय म्हणून लॉक घालायचा मोह होतो. तो टाळा. आधी ‘हाताळलेले’ वाचा, मग ‘आलेले’. दोन्ही फक्त वाढणारे असतील आणि मेमरी बॅरियर (वाचण्या-लिहिण्याचा क्रम पाळायला लावणाऱ्या सूचना) जागेवर असतील, तर फरक उणे येऊ शकत नाही.

रुंदी

बाइट मोजायला ३२ बिट घेतले तर १० गिगाबिटच्या जोडणीवर काउंटर साडेतीन सेकंदांच्या आतच पुन्हा शून्यावर येतो. ६४ बिट घ्या. पण ३२ बिटी प्रोसेसरवर ते वाचन दोन तुकड्यांत होतं, म्हणून सीक्वेन्स काउंटर (वाचताना मध्येच बदल झाला तर पुन्हा वाचायला लावणारा) लागतो. हार्डवेअर काउंटर तर अनेकदा ४८ बिटांचेच असतात, तेव्हा फरक काढताना वरचे बिट छाटायला विसरू नका. लिनक्सचा जिफी काउंटर (कर्नलच्या टाइमरचे टिक मोजणारा) मुद्दाम असा सुरू होतो, की त्याचे खालचे ३२ बिट बूटनंतर पाच मिनिटांतच उलटतात. उलटण्याचे बग वर्षभराने सापडण्यापेक्षा पाच मिनिटांत सापडलेले बरे, हा त्यामागचा खाक्या मला फार आवडतो.

एनएमआयमध्ये लॉक

सगळ्यात घातक चूक हीच. एक्स८६ वर सॅम्पलिंगचा (अधूनमधून नमुना घेण्याचा) इंटरप्ट एनएमआय म्हणून, म्हणजे बंद न करता येणारा इंटरप्ट म्हणून येतो. इंटरप्ट बंद करून स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत जागीच फिरत वाट बघायला लावणारा लॉक) घेतला म्हणजे आपण सुरक्षित, हा समज इथे कोसळतो, कारण एनएमआय त्याला जुमानत नाही. लॉक हातात असतानाच त्या सीपीयूवर एनएमआय आला आणि हँडलरने तोच लॉक मागितला, की खेळ संपला. लक्षण म्हणजे प्रोफायलिंग चालू असतानाच मशीन कधीतरी गोठतं आणि लॉगमध्ये काहीच नसतं. लॉकअप ओळखणारी यंत्रणाही बहुधा एनएमआयवरच चालते, आणि एका एनएमआयच्या आत दुसरा येत नाही. त्यामुळे तो सीपीयू स्वतःची तक्रारही नोंदवू शकत नाही.

हँडलरमध्ये मेमरी मागणंही त्याच जातीचं. जागा आधीच राखून ठेवा. ईबीपीएफचे (कर्नलमध्ये छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीचे) हॅश मॅप मुळात तसंच करतात. नोंदी सीपीयूगणिक रिंग बफरमध्ये टाका: आधी मजकूर लिहायचा, मग बॅरियर, मग हेड (नोंदी कुठवर लिहून झाल्या ते सांगणारी खूण) पुढे सरकवायचं. हा बॅरियर विसरला तरी एक्स८६ पुष्कळदा पोटात घालतं. तोच कोड एआरएमवर अर्धवट नोंदी देऊ लागतो. बफर भरला तर किती नोंदी गळाल्या हे मोजून ठेवा. पर्फ त्यासाठी वेगळी नोंदच लिहितो. गळतीचा आकडा नसलेला प्रोफाइल मी तरी ग्राह्य धरत नाही.

किरकोळ, पण नडणाऱ्या गोष्टी

विलंबाची नुसती सरासरी ठेवू नका. दोनाच्या घातांकांच्या ६४ कप्प्यांचा हिस्टोग्राम फक्त ५१२ बाइट घेतो आणि शेपटी (क्वचित येणारे मोठे विलंब) दाखवतो. वेळ मोनोटॉनिक (कधीच मागे न जाणाऱ्या) घड्याळाने मोजा. स्ट्रक्चर युजरस्पेसला द्यायचं असेल तर आधी शून्याने भरा, नाहीतर पॅडिंगमधून कर्नलच्या मेमरीचे तुकडे बाहेर जातात. आणि त्यात आकाराचं फील्ड ठेवा, पुढे स्ट्रक्चर वाढवता येतं. बंद असलेल्या मोजमापाचाही खर्च असतो, तो स्टॅटिक कीने (कोडमधली तपासणी चालू कर्नलमध्येच बदलून टाकणाऱ्या सोयीने) जवळजवळ शून्यावर येतो. शेड्युलरची सविस्तर आकडेवारी लिनक्स ४.६ पासून मुळात बंदच असते, ती याच खर्चापायी.

नमुने अपेक्षेपेक्षा कमी येत असतील तर रचनेवर संशय घेण्याआधी कर्नलचा लॉग उघडा. सॅम्पलिंगच्या इंटरप्टला फार वेळ लागतोय असं दिसलं, की लिनक्स कमाल सॅम्पल दर स्वतःहून खाली आणतं आणि तशी एक ओळ लॉगमध्ये टाकतं.